मुक्त सॉफ्टवेअरचे दप्तर कोणाच्या हाती?

संगणकाच्या क्षेत्रात शिरलेली आपली मुले घरात बोलतानाही 'गिट', 'कमिट', 'ब्रँच' असे शब्द वापरू लागली आहेत. पुण्या-मुंबईकडील पुष्कळ कंपन्या नोकरीच्या अर्जाबरोबर उमेदवाराने गिटहबवर काय काम ठेवले आहे, तेही पाहतात. दुसरीकडे दुकानदारांना बिलाचे आणि स्टॉकचे सॉफ्टवेअर बनवून देणारे आपले छोटे व्यावसायिक आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांचा सगळा सोर्स कोड एकाच लॅपटॉपवर पडून असतो. लॅपटॉप बिघडला की धंदा बसला. या दोन्ही मंडळींच्या उपयोगी पडेल असा हा विषय आहे: कोडचे दप्तर कसे ठेवावे आणि त्यासाठी साधन कोणते निवडावे.

प्रथम दप्तर म्हणजे काय ते पाहू. प्रोग्राम ही एकदा लिहून संपणारी गोष्ट नाही. त्यात रोज दुरुस्त्या होतात. कोणती ओळ कोणी बदलली, केव्हा बदलली, का बदलली याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला 'व्हर्जन कंट्रोल' म्हणतात. प्रत्येक नोंदीला 'कमिट' म्हणतात आणि सर्व नोंदी जेथे साठतात त्या कोठाराला 'रिपॉझिटरी'. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण आपल्याला नवी नाही. येथे तर भागीदार एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे अशा प्रकल्पात, जर्मनीतला एक, जपानमधला दुसरा आणि बंगळूरचा तिसरा अशी माणसे एकाच ग्रंथावर काम करतात, तीही बहुधा विनामोबदला. त्यांच्यातला विश्वास या नोंदवहीवर उभा असतो.

पूर्वी ही नोंदवही एकच असे. सीव्हीएस आणि नंतर सबव्हर्जन ही त्या प्रकारची साधने. दुकानात गल्ल्याजवळ एक मोठी वही असावी आणि ज्याच्या हाती मालकाने लेखणी दिली त्यानेच तीत लिहावे, असा तो प्रकार. वही सर्व्हरवर, बाकीच्यांकडे फक्त आजच्या पानाची नक्कल. मागची पाने पाहायची तरी सर्व्हरला विचारा, नोंद करायची तरी सर्व्हरशी जोडणी हवी. आणि ज्याला लेखणी मिळालेली नाही त्याने काय करावे? त्याने आपली दुरुस्ती एका फाईलमध्ये बांधून ई-मेलने पाठवावी आणि वाट पाहावी. दरम्यान त्याच्या स्वतःच्या कामाची नोंद कोठेच राहात नसे.

विकेंद्रित व्यवस्थेत प्रत्येकाकडे संपूर्ण वही असते, पहिल्या पानापासून आजपर्यंत. तो आपल्या वहीत हवे ते लिहितो, वीज गेली, इंटरनेट बंद पडले तरी बॅटरीवर काम चालू ठेवतो आणि जोडणी आली की दोन वह्यांचा मेळ घालतो. मेळ घालण्याला 'मर्ज' म्हणतात. दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी बदल केला असेल तर मेळ बहुतेक वेळा आपोआप बसतो. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली असेल तर यंत्र थांबते आणि माणसाला निर्णय विचारते. कोणाची वही प्रमाण मानायची हे प्रकल्पातील लोक आपसात ठरवतात. ते यंत्र ठरवत नाही.

मग एवढ्या वह्यांत कोणी खाडाखोड केली तर? येथे जुन्या मुनीमांची एक रीत आठवते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानाची बेरीज आणलेली असते, म्हणून दहाव्या पानावरचा आकडा बदलला तर पुढच्या सर्व पानांचा मेळ बिघडतो. गिटमध्ये प्रत्येक कमिटला मजकुरावरून गणिताने काढलेला ४० अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि त्या मजकुरात मागच्या कमिटचा क्रमांकही धरलेला असतो. जुन्या नोंदीत एक स्वल्पविराम बदला, पुढचे सारे क्रमांक बदलतील. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सचा कोड जेथे ठेवला जातो त्या कर्नेल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले. सर्व्हर महिनाभर बंद राहिले, पण कोडबद्दल फार घबराट झाली नाही, कारण जगभरच्या प्रोग्रामरांकडे त्याच वहीच्या प्रती होत्या आणि कोणीही ताडून पाहू शकत होता. (हे क्रमांक काढण्याची जुनी पद्धत २०१७ मध्ये संशोधकांनी फोडून दाखवली. त्यानंतर गिटने त्या प्रकारच्या फसवणुकीची तपासणी आत घातली आहे.)

उसन्या वहीची गोष्ट

साधन निवडताना आधी त्याचा परवाना वाचावा, असे मी म्हणतो. त्याचे कारण लिनक्सच्या इतिहासात आहे.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००२ मध्ये लिनक्स कर्नेलच्या कामासाठी बिटकीपर नावाचे साधन घेतले. ते विकेंद्रित होते, कामाला उत्तम होते आणि टॉरवाल्ड्स यांना सीव्हीएसचा तिटकारा होता. पण बिटकीपर एका खासगी कंपनीच्या मालकीचे होते. तिचे प्रमुख लॅरी मॅकव्हॉय यांनी ते ओपन सोर्स मंडळींना फुकट वापरू दिले, अटी घालून. एक अट अशी की, वापरणाऱ्याने त्याला स्पर्धा करणारे साधन बनवू नये. अनेकांनी तेव्हाच हरकत घेतली: मुक्त सॉफ्टवेअरची वही बंद पेटीत कशी ठेवता? टॉरवाल्ड्स यांचे उत्तर व्यवहारी होते. सर्वांत चांगले चालणारे साधन हेच आहे, म्हणून हेच वापरतो.

तीन वर्षे गेली. सांबा या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे जनक अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकणारा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. सर्व्हरशी जोडणी करून 'हेल्प' असा शब्द टाईप केला तर सर्व्हर स्वतःच आपल्या आज्ञांची यादी देतो, हे त्यांनी पुढे एका परिषदेत सर्वांसमक्ष करून दाखवले. मॅकव्हॉय यांना हा करारभंग वाटला आणि एप्रिल २००५ मध्ये फुकट परवाना मागे घेण्याचे जाहीर झाले. कोण बरोबर, कोण चूक यावर आजही दोन मते आहेत. टॉरवाल्ड्स यांनी स्वतः ट्रिजेल यांनाच दोष दिला होता. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहा: जगातील सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एकाची नोंदवही एका सकाळी उसनी ठरली.

टॉरवाल्ड्स यांनी उपलब्ध मुक्त साधने पाहिली. मोनोटोन नावाच्या साधनातील कल्पना त्यांना पसंत पडल्या, पण ते फार संथ होते. तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला सुरुवात केली. ३ एप्रिलला काम सुरू झाले आणि ७ एप्रिलला गिट स्वतःचीच नोंद स्वतःमध्ये ठेवू लागले. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर तयार होऊन निघाली. जुलैमध्ये त्यांनी गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. त्याच एप्रिल महिन्यात, त्याच अडचणीतून, ऑलिव्हिया मॅकॉल यांनी मर्क्युरियल हे दुसरे साधन जाहीर केले. मर्क्युरी म्हणजे पारा, म्हणून त्याची आज्ञा पाऱ्याच्या रासायनिक चिन्हावरून 'एचजी'. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या पाठबळावर बझार हे तिसरे साधनही याच सुमारास वाढत होते. बिटकीपरचा कोडही २०१६ मध्ये खुला करण्यात आला, पण तोपर्यंत गिऱ्हाईक निघून गेले होते.

पायथॉनने निवड कशी केली

तीन चांगली दुकाने शेजारी शेजारी उघडली म्हणजे गिऱ्हाईकाची पंचाईत होते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाची २००८ मध्ये तशी झाली. त्यांचा कोड सबव्हर्जनमध्ये होता. तो काही मोडला नव्हता. पण ज्यांना लेखणी मिळालेली नाही अशा बाहेरच्या मदतनीसांना काम करणे जड जात होते आणि असे मदतनीस हीच या प्रकल्पाची पुंजी. नोव्हेंबर २००८ मध्ये ब्रेट कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निवडीसाठी 'पीईपी ३७४' नावाचा दस्तऐवज सुरू केला. तो आजही कोणालाही वाचता येतो आणि तो वाचण्यासारखा आहे, हे मी मुद्दाम सांगतो. खरेदीचा निर्णय कसा घ्यावा याचा इतका सरळ नमुना क्वचित पाहायला मिळतो.

त्यांनी आधी रोजची कामे लिहून काढली: नव्या माणसाने कोड उतरवून घेणे, एक दुरुस्ती करून पाठवणे, एका आवृत्तीतील दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेणे, दोघांनी मिळून एक नवी सोय बनवणे, नवी आवृत्ती प्रसिद्ध करणे. मग प्रत्येक काम सबव्हर्जन, बझार, मर्क्युरियल आणि गिट यांत कसे होते ते आज्ञांसह शेजारी शेजारी मांडले. प्रत्येक साधनाची बाजू मांडायला ते साधन जाणणारा माणूस घेतला. कोड उतरायला किती वेळ लागतो, डिस्कवर किती जागा लागते हेही मोजले. नंतर मुख्य प्रोग्रामरांची मते घेतली. मशवरा पुरेसा झाल्यावर पायथॉनचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम आणि कॅनन यांनी निर्णय घेतला आणि मार्च २००९ मध्ये शिकागोच्या पायकॉन परिषदेच्या सुमारास तो जाहीर झाला: मर्क्युरियल.

गिट का नाकारले? तीन कारणे दिली गेली. विंडोजवर गिटची सोय तेव्हा तिघांत सर्वांत कच्ची होती आणि पायथॉन तर विंडोजवरही चालते. दुसरे, मुख्य प्रोग्रामरांच्या मतचाचणीत गिट मोठ्या फरकाने सर्वांत नावडते ठरले. तिसरे, बाकी सर्व सारखे असेल तर पायथॉनमध्येच लिहिलेल्या साधनाला हात द्यावा. मर्क्युरियल आणि बझार ही दोन्ही मुख्यतः पायथॉनमध्ये लिहिलेली होती. त्या दोघांतून मर्क्युरियल निवडले ते लोकांच्या पसंतीमुळे. परिषदेत अनेकांनी कॅनन यांना गाठून मर्क्युरियल घ्या असे सांगितले. बझार नको असे कोणी म्हणाले नाही, पण हवे असेही कोणी म्हणाले नाही. बाजारात ज्या मालाला कोणी वाईटही म्हणत नाही आणि मागतही नाही त्याचे काय होते ते आपण जाणतोच.

निर्णय झाला तरी स्थलांतर सोपे नव्हते. जुन्या नोंदी, शाखा, प्रोग्रामरांची नावे, नोंद होताच आपोआप निघणारी पत्रे, सर्व नव्या वहीत जसेच्या तसे आणायचे. प्रत्यक्ष बदल मार्च २०११ मध्ये झाला. म्हणजे निवडीला पाच महिने आणि अंमलाला दोन वर्षे. साधनाची किंमत शून्य असली तरी बदलाची किंमत किती असते, ते यावरून समजावे.

सहा वर्षांत पुन्हा फिरावे लागले

आता या गोष्टीचा दुसरा भाग. १ जानेवारी २०१६ रोजी ब्रेट कॅनन यांनीच जाहीर केले की पायथॉनचा कोड गिटवर आणि तोही गिटहबवर जाणार. १० फेब्रुवारी २०१७ रोजी तो गेला. ज्याला २००९ मध्ये सर्वांत नावडते ठरवले तेच साधन घ्यावे लागले.

मग पहिला निर्णय चुकीचा होता काय? माझ्या मते कारणे त्या दिवशी खरी होती, पण टिकाऊ नव्हती. विंडोजवरची अडचण ही दुरुस्त होणारी गोष्ट होती आणि ती दुरुस्त झाली. नावड ही सवयीची गोष्ट होती. टिकणारी गोष्ट एकच होती: नवा मदतनीस येताना कोणते साधन शिकून येतो? २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबने गिटभोवती बाजारपेठ उभी केली. कोड पाहा, आपली प्रत घ्या, दुरुस्ती करा आणि एक बटण दाबून मालकाला 'ही घ्या' असे सांगा. मतचाचणी घेतली ती आत बसलेल्या लोकांची. दाराबाहेर उभ्या असलेल्यांचे मत त्या तक्त्यात नव्हते आणि बदल तर त्यांच्यासाठीच करायचा होता. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२२ च्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रोग्रामर गिट वापरत होते. मर्क्युरियल वापरणारे सुमारे एक टक्का.

पायथॉन एकटा नव्हता. जीएनयू ईमॅक्स हा जुना संपादक-प्रोग्राम बझारवर गेला होता, तो नोव्हेंबर २०१४ मध्ये गिटवर आला. जावाचा ओपनजेडीके प्रकल्प २०२० मध्ये मर्क्युरियल सोडून गिटवर आला. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २००७ पासून मर्क्युरियल वापरले, २०२३ मध्ये गिटवर जाण्याचे जाहीर केले आणि २०२५ मध्ये कोड गिटहबवर नेला. मर्क्युरियल अजून जिवंत आहे, चांगलेही आहे, त्याच्या आज्ञा गिटपेक्षा सोप्या आहेत असे मानणारे पुष्कळ आहेत. बझारचे काम थांबले आणि काही स्वयंसेवकांनी त्यातून ब्रीझी नावाचे साधन पुढे चालू ठेवले. गर्दीच्या विरुद्ध जाऊन सुखी असलेलेही आहेत: आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असलेला एसक्यूलाईट हा डेटाबेस फॉसिल नावाच्या स्वतःच्या साधनात ठेवला जातो. पण तेथे बाहेरच्या मदतनीसांची वाट पाहिली जात नाही, मोजकी माणसे काम करतात. त्यांचा हिशेब निराळा.

वही आणि वहीचे गोदाम

आज नवा प्रकल्प सुरू करणाऱ्याला साधन निवडणे फारसे अवघड नाही. गिट घ्यावे. त्याचा परवाना मुक्त आहे, तो कोणी मागे घेऊ शकत नाही आणि येणारा मुलगा ते शिकून आलेला असतो. मोठमोठी चित्रे, व्हिडिओ किंवा ध्वनिफिती वारंवार बदलायच्या असतील तर मात्र गिट जड होते, कारण प्रत्येक प्रतीत साऱ्या जुन्या फाईली येतात. अशा फाईलींसाठी गिट एलएफएस ही जोड घ्यावी किंवा त्या वेगळ्या ठेवाव्यात. आणि कोडमध्ये पासवर्ड कधीही लिहू नये. नंतर पुसला तरी तो मागच्या पानावर राहतोच.

खरा प्रश्न गोदामाचा आहे. गिट आणि गिटहब एकच, असा आपल्या मुलांचा समज असतो. गिट ही वही आहे. गिटहब हे ती ठेवण्याचे एका कंपनीचे गोदाम आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ते साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले. गोदामे बंद होतात. गुगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले. बिटबकेटची सुरुवातच मर्क्युरियलच्या जिवावर झाली होती, तरी त्याने २०२० मध्ये मर्क्युरियलची कोठारे बंद केली आणि ज्यांनी वेळेत माल हलवला नाही त्यांची पंचाईत झाली. गोदाम ज्या देशात, कायदा त्या देशाचा. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील प्रोग्रामरांच्या खात्यांवर बंधने आणली आणि त्यांना आपली खासगी कोठारे वापरता येईनात. यांतील बहुतेकांचा राजकारणाशी काही संबंध नव्हता. इराणमधील लोकांसाठी सेवा पूर्ववत झाली ती अमेरिकी सरकारकडून परवाना मिळाल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये.

मग गोदाम स्वतःचे बांधावे काय? गिटलॅब, गिटी, फोर्जेजो ही सॉफ्टवेअरे आपल्या सर्व्हरवर बसवता येतात. पण चौकीदारही आपणच नेमायचा. पीएचपी या भाषेचा प्रकल्प आपला गिट सर्व्हर स्वतः सांभाळत होता. मार्च २०२१ मध्ये कोणीतरी प्रमुख प्रोग्रामरांच्या नावाने त्यात घातक कोड घुसवला. तो लगेच लक्षात आला आणि काढला गेला, पण स्वतःचा सर्व्हर सांभाळणे हा नसता धोका आहे असे म्हणून त्यांनी प्रमाण प्रत गिटहबवर नेली. दोन-चार माणसांच्या आपल्या व्यवसायाला तर हे ओझे झेपणारे नाही. त्यांनी तयार गोदाम वापरावे. बर्लिनची कोडबर्ग ही सभासदांची संस्था मुक्त सॉफ्टवेअरसाठी अशी जागा देते, तीही पाहावी.

मात्र वही विकेंद्रित आहे याचा फायदा घ्यावा. क्लोन करताना 'मिरर' हा पर्याय दिला म्हणजे सर्व शाखांसह संपूर्ण कोठार आपल्या डिस्कवर उतरते. दर शुक्रवारी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या कंपनीच्या गोदामात, एवढे केले तर कोडपुरती काळजी मिटते. दुकानदारांना सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्यांनी गिऱ्हाईकाशी करार करतानाच हे कोठार कोणाच्या खात्यावर राहील आणि काम संपल्यावर पूर्ण प्रत कोणाला मिळेल हे लिहून घ्यावे. याच मुद्द्यावर पुढे भांडणे होतात.

एक गोष्ट मात्र या प्रतीत येत नाही. गोदामात कोडशेजारी झालेली चर्चा, नोंदवलेल्या तक्रारी, कोणती दुरुस्ती का नाकारली त्याची कारणे, ही सारी गिटच्या बाहेर, कंपनीच्या डेटाबेसमध्ये असतात. पायथॉननेही आपल्या तक्रारींचे दप्तर एप्रिल २०२२ मध्ये गिटहबवर हलवले. ते उतरवून घेण्याची सोय वेगळी असते आणि ती प्रत्येक गोदामात निराळी, म्हणून खाते उघडण्याच्या दिवशीच ती एकदा चालवून पाहावी.